चौदा रात्रींची वही

नेमकेपणाने साधणार नाही असे जगात काही असते, हे क्रेनचालकाला मान्य नव्हते. वीस वर्षे उंचावरच्या केबिनमध्ये बसून त्याने पोलादी तुळया बोटभर जागेत उतरवल्या होत्या. मात्र गेली पावणेदोन वर्षे झोप त्याला वश होत नव्हती. दुपारी जेवणाचा डबा उघडतानाच तो हिशेब मांडू लागे, की रात्र व्हायला आता इतकेच तास उरले. आणि त्या धास्तीने अर्धा डबा तसाच मिटून ठेवी. त्याने हे प्रामाणिकपणे सांगितले, तेव्हा मुकादमाने केबिनची किल्ली काढून घेतली.

"वर तुला डुलकी लागली, तर खाली आम्हाला कायमची झोप लागेल, बाबा!"

डॉक्टरांनी अट घातली: चौदा रात्रींची नोंद ठेवा, सरासरी पाच तास भरले, तर कामावर जाण्याचा दाखला देतो.

"झोप लागल्याची वेळ झोपणाऱ्याने कशी लिहावी?" त्याने हुज्जत घातली. "लिहू शकला, तर तो जागाच की!"

"मी लिहिते," शेजारी बसलेली बायको म्हणाली. "माझं अक्षरही वाचता येतं."

पंधराव्या दिवशी दोघे दवाखान्यात बसले होते. वही चाळून डॉक्टरांनी मान डोलावली. "पाच तास वीस मिनिटं. उत्तम!" त्यांनी दाखल्याचा कागद पुढे ओढला.

क्रेनचालकाने वही प्रथमच हाती घेतली. दोन दहा, झोप लागली. तीन पस्तीस, कूस बदलली. चार पाच, खोकला. पाच पन्नास, पांघरूण सरकले, नीट केले. साडेसात, जाग. चौदाही पाने अशीच होती.

"अगं, तीन पस्तीसची कूस तू कशी पाहिलीस?"

"डोळ्यांनी."

"मला झोप लागली की वही मिटून तूही झोपायचं ठरलं होतं ना?"

"आणि मध्येच तुम्हाला जाग आली असती तर? पाच मिनिटं चुकली असती, तरी तुम्ही माझं डोकं खाल्लं असतं."

पहाटेची तासाभराची गुंगी वगळता त्या पाच तासांत त्याला झोप लागलीच नव्हती. तिने वही मिटावी, तिला तरी झोप मिळावी, म्हणून तो डोळे मिटून, श्वास संथ करून निपचित पडत असे.

डॉक्टरांनी पेनाचे टोपण काढले.

"सही करू नका," तो म्हणाला, आणि त्याने सगळे सांगितले.

बायकोने त्याच्या हातून वही काढून घेतली. "म्हणजे मी बंद दुकानावर पहारा देत होते! अहो, एकदा तरी डोळे उघडायचे. काहीतरी बोललो असतो."

डॉक्टरांनी कागद खणात ठेवला. "बाई, तुम्हाला दुपारी तरी झोप लागते?"

"लागायची."

दवाखान्याबाहेर, इमारतींच्या वर, त्याची क्रेन वळताना दिसली. आकड्याला लटकलेली तुळई झोके खात खाली येत होती.

"तिरकी धरलीय," तो म्हणाला.

तिने वर पाहिले नाही. "किती वाजले?"

"साडेबारा."

"म्हणजे रात्र व्हायला," ती बोटांवर मोजत म्हणाली, "आता आठच तास उरले."