जरा दमानं

"स्विच?" लंबूने विचारलं.

मास्तरांनी मान हलवून नाही म्हटलं.

"केबल? केबल तर मी कालच बदलली. मग प्रोसेसर? का सेटिंग? कुठलं सेटिंग, या मशीनचं की त्या मशीनचं?"

मास्तरांच्या ओठांपर्यंत काहीतरी आलं होतं. लंबूच्या या सरबत्तीत ते पुन्हा आत गेलं. त्यांनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात पहिल्यापासून सुरुवात केली.

तपासणी केंद्राच्या मशीनच्या खोलीत मास्तर आज पाच महिन्यांनी आले होते. कुणालाही काहीही समजावून सांगायची हौस, म्हणून त्यांना सगळे मास्तर म्हणत. लंबूला हे काम त्यांनीच हाताला धरून शिकवलं. मग एका सकाळी चहा पिता पिता त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. हात थोडाफार परतला. डोकं तर जसंच्या तसं शाबूत होतं, पण शब्द बोलावल्यावर येत नसत. एखादा यायचा, पुढचा वाटेतच हरवायचा.

सकाळी वहिनी त्यांना दारापर्यंत सोडायला आल्या होत्या. जाताना लंबूला हळूच म्हणाल्या, "भावोजी, त्यांना घाई नका करू हं. ते बोलतात, फक्त वेळ लागतो."

"छे हो वहिनी, मी काय आजचा ओळखतो त्यांना?" लंबू म्हणाला होता. आणि तेव्हापासून त्याच्या तोंडाचा पट्टा एक मिनिट थांबला नव्हता.

त्यालाही कारण होतं. वहिनी गेल्यावर विभागप्रमुख मॅडमनी त्याला बाजूला घेतलं होतं. "मास्तर मला हवेत रे. पण खोलीतला फोन कोण घेणार? डॉक्टर वैतागलेले असतात, त्यांच्याशी बोलावं लागतं. आज बघू. नाहीच जमलं तर त्यांना सामानाच्या खोलीत बसवू, तिथे बोलायचं काम नसतं." सामानाच्या खोलीत जुने की-बोर्ड आणि कागदाचे गठ्ठे होते. मास्तर तिथे दिवसभर बसलेत, हे चित्र लंबूला सोसेना. मास्तर पूर्वीसारखेच आहेत हे आज मॅडमना दिसलंच पाहिजे, असं त्याने ठरवून टाकलं. म्हणून जिथे मास्तर अडतील तिथे तो शब्द पुरवत होता.

त्यात महिनाभर कुरकुरणाऱ्या मशीनने आज नेमकं नाक दाबलेलं. तपासणीच्या खोलीतलं मशीन पेशंटच्या शरीराचे पातळ काप काढावेत तशी चित्रं टिपायचं आणि पलीकडच्या खोलीतलं दुसरं मशीन ती जोडून डॉक्टरांना अख्खं चित्र दाखवायचं. मधला प्रवास झटपट व्हावा म्हणून पहिलं मशीन आपला माल थेट दुसऱ्याच्या मेमरीत नेऊन ठेवायचं. मोठ्या ठिकाणी या कामाला खास कार्ड असतं. इथे एक सॉफ्टवेअरच कार्डाचं सोंग घेऊन बसलं होतं आणि ते सोंग वठवायची सगळी मेहनत बिचाऱ्या प्रोसेसरला पडायची. नवं तपासणी मशीन आलं, चित्रं वाढली, तसा लंबूने एका वेळी चित्रांचे किती तुकडे वाटेत सोडायचे, तो आकडा वाढवला. खास कार्डवाले तेवढाच ठेवतात, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. वेग पार बसला. मग त्याने आकडा आणखी वाढवला. आता बाहेरच्या बाकावर पेशंट ताटकळले होते आणि फोन सारखा खणखणत होता.

"मास्तर, नुसतं बोट दाखवा. मी बोलतो," लंबू म्हणाला.

मास्तरांनी पडद्यावर बोट ठेवलं. पाठवून वाया गेलेल्या तुकड्यांची संख्या तिथे भराभर चढत होती.

"हां, म्हणजे लाईन खराब आहे. का समोरचं मशीन गेलं? का..."

मास्तरांनी डावा हात उचलला आणि लंबूच्या तोंडावर ठेवला. रागाने नव्हे, रडणाऱ्या पोराला गप्प करावं तसा. खोलीत पंख्यांची घरघर तेवढी उरली. कितीतरी वेळ गेल्यासारखं वाटलं.

"एक... पडला," मास्तर म्हणाले.

लंबूने डोळ्यांनीच विचारलं, मग?

"की... सगळे. पुन्हा."

मग त्यांनी हात काढला, की-बोर्ड ओढला आणि डाव्या हाताच्या एकाच बोटाने तो मोठा आकडा खोडून तिथे अगदी छोटा आकडा लिहिला. वाया जाणाऱ्या तुकड्यांची संख्या होती तिथेच थांबली. वेगाची रेघ वर चढू लागली आणि वरच राहिली.

लंबूला कानकोंडं झालं. हे त्याला मास्तरांनीच कधीकाळी शिकवलं होतं. घेणाऱ्याला झेपेल त्याहून जास्त ओतलं की एखादा तुकडा खाली पडतो, आणि एक पडला की त्याच्यामागचे सगळे पुन्हा पाठवावे लागतात. जोर लावावा तेवढं काम मागे जातं. मशीनवर तो महिनाभर जोर लावत बसला होता. आणि सकाळपासून या माणसावर. त्याला मास्तरांचे पाय धरावेसे वाटले, पण तसलं काही त्यांना खपलं नसतं.

थोड्या वेळाने मॅडम आत आल्या. "चित्रं सुटली म्हणे. काय झालं होतं मास्तर?"

लंबूचं तोंड सवयीने उघडलं आणि त्याने ते मिटलं. हातही वळवळायला लागले, म्हणून ते मांडीखाली दाबून तो बसला. मॅडमनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. तो छताकडे बघत राहिला.

"याने," मास्तर म्हणाले, आणि बऱ्याच वेळाने, "घाई केली."

मॅडम हसल्या. मास्तरही हसले, एका बाजूने. मग मॅडमचा चेहरा उतरला. त्यांना विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. शेवटी मास्तरांच्या टेबलावरच्या फोनकडे बघत त्या म्हणाल्या, "आणि याचं काय करायचं, मास्तर?"

एके काळी त्या फोनवर मास्तरांचा आवाज आला की चिडलेले डॉक्टर अर्ध्यावर शांत व्हायचे. 'आम्ही सांभाळून घेऊ' हे शब्द लंबूच्या अगदी जिभेवर होते. ते त्याने गिळले.

मास्तर फोनकडे बघत होते. मॅडमही आता थांबल्या होत्या, घड्याळाकडे न बघता.

"फोन... तो," मास्तर म्हणाले. त्यांनी श्वास घेतला. "मशीन... मी."

"ठरलं," मॅडम म्हणाल्या.

मास्तर उठले. लंबू मदतीला अर्धवट उठला आणि परत बसला. मास्तरांनी डाव्या हाताने फोन उचलला, वायर खुर्चीत अडकली ती सावकाश सोडवली, आणि तो नेऊन लंबूच्या टेबलावर ठेवला. मग ते आपल्या टेबलापाशी परत आले. फोन होता तिथे धुळीच्या मधोमध एक स्वच्छ चौकोन उरला होता. मास्तर त्याच्याकडे थोडा वेळ बघत उभे राहिले. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि सगळं टेबल पुसून घेतलं.