पिशवी काढली म्हणजे कोणती?

मित्रांनो, मी पिशवी आहे. जुनी आहे हे वेगळं सांगायला नको, माझ्याकडे एकदा बघितलंत की कळेल. माझ्या कडा विरल्या आहेत, हिरवा रंग विटून गेला आहे आणि पोटावर तेलाचा एक डाग आहे, तो आजवर कुठल्याही साबणाला बधलेला नाही. माझी गोष्ट ज्या शब्दाची आहे, तो शब्द आमच्या घरात मुलांसमोर उच्चारायचा नाही असं ठरलं होतं. म्हणून मी ती मुद्दाम मुलांनाच सांगणार आहे.

माझा जन्म ताडपत्रीच्या कारखान्यात झाला. पत्र्याचं छप्पर असलेली ती एक लांबलचक खोली आहे आणि तिथे मालट्रकवर घालायची आच्छादनं शिवली जातात. माझी बाई तिथे शिवणकाम करते. तिचा टाका इतका घट्ट की सगळे तिला 'पक्की' म्हणतात, नवरासुद्धा म्हणतो. एकदा आच्छादनाचा एक तुकडा उरला, तो मालक केरात टाकायला निघाला होता. पक्कीनं तो जेवणाच्या सुट्टीत मशीनखाली सरकवला आणि मला शिवून काढलं. बंद चौपदरी केले. मग दोन्ही हातांनी ओढून बघितलं आणि म्हणाली, "झाली बाई! आता हिच्यात हत्ती भरला तरी हूं की चूं करायची नाही."

तिचं खरं होतं. मी हूं की चूं न करता धान्य वाहिलं, रॉकेल वाहिलं, लेकीची दप्तरं वाहिली. बाजारात बायका मला चाचपून बघत आणि अशीच एक शिवून दे म्हणून पक्कीच्या मागे लागत. मला त्याचा गर्व होता. मी भरले की पक्की वाकायची आणि वाकली की मी खूश व्हायचे, इतकी मी मूर्ख होते.

पण माझ्या तळाशी आणखी एक गोष्ट असे. गडद रंगाच्या कपड्याची एक घडी, कागदात गुंडाळलेली. पक्कीच्या अंगावरून फार जात असे. पाळी यायची ती जायचं नाव घेत नसे. कारखान्यातल्या न्हाणीघराची कडी लागत नाही, म्हणून शेजारच्या मशीनवरची वयानं मोठी बाई, जिला सगळ्या थोरली म्हणतात, बाहेर पाठ लावून उभी राहायची आणि पक्की आत कपडे बदलायची. घरी ती एक शब्द बोलत नसे. भिंतीला हात टेकून उभी राहायची, आणि नवऱ्यानं "काय झालं?" म्हटलं की "काही नाही" म्हणायची. त्यालाही ते उत्तर सोयीचं होतं. याला मराठीत 'अंगावर काढणं' म्हणतात, मित्रांनो. बायका ते इतक्या सवयीनं करतात की कुणी त्याला काम म्हणून मोजतही नाही.

शेवटी एक दिवस मशीनवरच तिला भोवळ आली. थोरलीनं तिला रिक्षात घातलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि कपाळाला हात लावला. गर्भाशयात गाठी होत्या, अंगात रक्त नव्हतं. "इतके दिवस काय करत होतात?" त्यांनी विचारलं. पक्की म्हणाली, "ताडपत्री शिवत होते."

ऑपरेशन झालं. त्या दिवशी मी घरीच खुंटीवर होते. नवरा एका कोपऱ्यात जाऊन आपल्या सासूबाईंना फोनवर हळूच सांगत होता, "हो, हो, पिशवी काढली. आता बरी आहे." लेक चिमणी दाराआड उभी होती. तिनं ते ऐकलं, माझ्याकडे बघितलं आणि तिचे डोळे मोठे झाले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाताना तिनं मला काखेत मारलं, वॉर्डभर ओढत नेलं आणि आईच्या खाटेवर टाकलं.

"आई, बाबा खोटं बोलतात. म्हणे पिशवी काढून टाकली! ही बघ, खुंटीवरच होती."

सगळा वॉर्ड हसला. शेजारच्या खाटेवरची बाई तर पोट धरून हसली, आणि तिथे प्रत्येकीला पोट धरायला कारण होतंच. पक्कीला हसूही आवरेना आणि टाक्यांची कळही सोसेना. नर्स धावत आली. तिनं माझी घडी घालून मला पक्कीच्या पोटावर दाबून धरलं आणि म्हणाली, "हसताना, खोकताना असं धरायचं." त्यानंतरचे दिवस मी तिथेच काढले. आयुष्यात पहिल्यांदा मी तिचं ओझं नव्हते.

पण नवऱ्याचा चेहरा लाल झाला होता. तो बस चालवतो, भर रस्त्यात कुणाच्या बापाला घाबरत नाही. या एका शब्दानं मात्र त्याची गाळण उडाली. चिमणीला बाहेर नेऊन तो म्हणाला, "हे बघ, शाळेत काही बोलायचं नाही. कुणी विचारलं तर आईचं अपेंडिक्स काढलं म्हणायचं." मग त्यानं तेच कारखान्यात कळवलं, शेजारी सांगितलं, वाण्याला सांगितलं. मदतीला आलेल्या सख्ख्या बहिणीला, चिमणीच्या आत्यालाही तेच सांगितलं. पक्कीनं ऐकलं आणि ती गप्प राहिली. भांडायचं तर पोटात जोर लागतो, आणि तिला जोर लावायला मनाई होती.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, दीड महिना वजन उचलायचं नाही. वरचे टाके सुकले म्हणजे आतले सुकले असं नव्हे. घरी आल्यावर पक्की कुशीवर वळताना पलंगाची कड पकडायची. कधी कारण नसताना रडायची. कधी सकाळी उठून कोरडं अंथरूण बघायची आणि तिचा विश्वास बसायचा नाही. दोन्ही खरं होतं. एकाच बाईला सुटका झाल्यासारखंही वाटू शकतं आणि काहीतरी गेल्यासारखंही, पण हे तिला विचारायला कुणी आलंच नाही. लोक अपेंडिक्सची चौकशी करून चहा पिऊन जायचे.

अपेंडिक्सवाला माणूस लवकर उठतो. त्यामुळे मालकाचा निरोप आला, सोमवारपासून या, मोठी ऑर्डर आहे. आत्याही कंटाळली होती. ती वाईट नाही हो, पण तिला आडून बोलता येत नाही. "वहिनी, किती दिवस लोळायचं? माझ्या दिराचंही अपेंडिक्स काढलं होतं, तो पंधरवड्यात सायकलवर बसला. जा, वाण्याकडून सामान आण, तेवढेच पाय मोकळे होतील."

पक्कीनं मला खुंटीवरून काढलं.

वाण्यानं मला भरलं. तांदूळ, तेलाचा डबा, बटाटे, वर कपड्यांचा साबण. मी तट्ट फुगले. एरवी मला कोण आनंद झाला असता! पक्कीनं बंद धरले आणि मला दुकानाच्या फळीवरून उचललं, तोच तिचा श्वास मध्येच अडकला. तिचा दुसरा हात पोटाकडे गेला. दोन पावलं चालली. मला कळलं की ही थांबणार नाही. ही घरापर्यंत जाईल, जिना चढेल, आणि वर जाऊन "काही नाही" म्हणेल.

मग मी बंद सोडला. मित्रांनो, पक्कीचा टाका जन्मात पहिल्यांदा उसवला, आणि तो मी उसवला. चौपदरी होता, सोपं नव्हतं. डबा आपटला, बटाटे रस्ताभर पळाले, तेल माझ्या पोटावर सांडलं. तो हा डाग. तो मी मिरवते.

पक्की दुकानाच्या पायरीवर बसली. वाणी बटाटे गोळा करत हसत म्हणाला, "काय ताई, साध्या अपेंडिक्सनं एवढ्या खचलात?"

पक्कीनं मान वर केली. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, त्यात दोन पुरुष. तिनं आवाज खाली आणला नाही.

"अपेंडिक्स नाही काढलं माझं. गर्भाशय काढलंय. पिशवी म्हणतात ना तुमच्याकडे, ती. आणि आतले टाके ओले आहेत अजून."

वाण्याच्या हातातला बटाटा पुन्हा खाली पडला. एक पुरुष काडेपेटीवरची अक्षरं वाचू लागला. रांगेतली एक बाई चुकचुकली, "अगं बाई! म्हणजे रिकामी झालीस की."

"रिकामी नाही," पक्की म्हणाली. "मोकळी झाले."

तेव्हा गल्ल्यामागच्या स्टुलावरून आवाज आला. वाण्याची आई तिथे दिवसभर बसून असते, कुणी तिच्याशी बोलत नाही. ती म्हणाली, "माझीही काढलीय. घरी आले आणि आठवड्यात पाणी भरायला लागले. अजून शिंक आली तरी जपावं लागतं. या गाढवाला ठाऊकही नाही." गाढव म्हणजे वाणी. तो आईकडे बघतच राहिला. "बघतोस काय?" ती म्हणाली. "सामान उचल आणि हिच्या घरी नेऊन दे."

त्या संध्याकाळी पक्कीला रक्ताचा डाग दिसला. आत्यानं तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडक्यात निभावलं, आणखी एकदा असं ओझं उचलाल तर पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल. आत्या परत आली ती तडक भावासमोर उभी राहिली.

"दादा, मला अपेंडिक्स सांगितलंस तू? मी तिला सामानाला धाडली रे! काही झालं असतं तर?"

"अगं, असल्या गोष्टी कशा सांगायच्या?" तो पुटपुटला. "आणि हिनं तर भर दुकानात..."

"माझ्या अंगातलं होतं," पक्की पलंगावरून म्हणाली. "ते आजारी होतं, काढलं. लाज वाटण्यासारखं काय आहे त्यात? तुमच्या गाडीचं इंजिन उतरवलं तर साऱ्या डेपोला ओरडून सांगता."

नवरा उठला. मग त्यानं मालकाला फोन लावला. दोनदा घसा खाकरला, आणि शेवटी तो शब्द उच्चारला. चिमणी दाराआड नव्हती, समोरच बसली होती.

पक्की पुरते दिवस झोपली, पुरते दिवस हिंडली आणि डॉक्टरीणबाईंनी हो म्हटल्यावर कामावर गेली. जायच्या आधी तिनं मला दुरुस्त केलं. बंदापाशी फाटलेला भाग कापून टाकला, त्यामुळे मी निम्मी झाले आहे. आता माझ्यात तिला झेपेल तेवढंच मावतं. कुणी येऊन सांगावं मला की मी पिशवी राहिले नाही!

कारखान्यात पहिल्याच दिवशी मालकानं नेहमीप्रमाणे ताडपत्रीच्या गठ्ठ्याकडे बोट केलं. पक्की म्हणाली, "दोघी मिळून उचलू." थोरली लगेच उठली. आता तिथे गठ्ठा दोघीच उचलतात, पोट दुखो न दुखो.

पलीकडच्या मशीनवर एक नवी पोरगी आहे. परवा ती भिंतीला हात टेकून उभी होती, ओठ पांढरे पडलेले. पक्कीनं मशीन बंद केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय गं, अंगावरून फार जातंय का तुझ्या?" मालक दारात होता. त्यानं आत यायचं की बाहेर जायचं याचा विचार केला आणि शेवटी पोरीला बसायला खुर्ची आणून दिली. पोरगी म्हणाली, "काही नाही, होतं असं." पक्कीनं मला खांद्याला अडकवलं आणि तिचा हात धरून तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी सांगतात की आम्हाला जपा, फेकू नका. मी नाही सांगणार. पिशव्या काय, सुट्टीत बसून नव्या शिवता येतात. तुमच्या घरातली बाई भिंतीला हात टेकून उभी दिसली, तर तिला काय झालं ते विचारा. ती 'काही नाही' म्हणेल. तेवढ्यावर तिला सोडू नका.