चक्कीच्या वर, काठावर

"चक्की आली की वल्हं दादाकडे दे," काका हळूच म्हणाले आणि माझं डोकंच फिरलं.

महिनाभर या नदीत गटांगळ्या खाल्ल्या होत्या मी. राफ्ट चालवायची परीक्षा पास झाले होते, तीही काकांच्या मुलापेक्षा, म्हणजे दादापेक्षा, जास्त गुणांनी. आज पहिल्यांदा राफ्टच्या मागच्या टोकाला, दिशा देणाऱ्या वल्ह्यावर मी होते. पुढे दादा, मध्ये काका आणि चार पाहुणे. आज अख्खी नदी तुझी, असा शब्द काकांनीच दिला होता.

"का पण?"

"पाहुणे घाबरतील गं. दहावीतली पोरगी!"

कुठले घाबरतायत! दोन्हीकडचे काळे कडे आणि त्यांवरून उडणारे तुषार बघून त्यांची आ वासलेली तोंडं मिटत नव्हती. हिरवं पाणी काचेसारखं सरकत होतं. नदी इतकी देखणी, आणि मी आतून नुसती उकळत होते.

चक्की म्हणजे दोन खडकांमधलं घुसळणारं पाणी; त्यातून जायला एक डावी वाट, एक उजवी. तिच्या वरच्या बाजूला राफ्ट काठाला लावायची, चालत जाऊन पाणी बघायचं, आणि ज्यानं बघितलं नाही त्यानं मागचं वल्हं धरायचं नाही. हा नियम काकांचाच. राफ्ट काठाला लागली तशी मी बघून आले. दादा पाहुण्यांचे फोटो काढत बसला होता, आणि आता खुशाल माझ्या वल्ह्याला हात घालत होता.

"डाव्या वाटेत झाड अडकलंय," मी म्हटलं.

"तीन वर्षं डावीकडूनच जातोय मी. शिकवू नकोस, चिमणे."

"आज बघून आलास?"

"त्यात बघायचंय काय!"

"काका, नियम सांगा याला."

काका बुटाची नाडी बांधू लागले. बांधलेलीच नाडी!

मग मात्र मी अशी ओरडले की कड्यावरून आवाज परत आला. "हा चुकला तरी चालतो आणि मी बरोबर असूनही चालत नाही? वल्हं माझ्याकडेच राहील. तुम्ही पोहत जा!"

चष्मेवाल्या पाहुण्या बाईंनी हेल्मेटचा पट्टा आवळला. "झाड जिनं बघितलंय, तिच्या बोटीत मी बसणार. बाकीच्यांनी आपापलं ठरवा."

काकांचा चेहरा पडला. "तू पुढे बस रे," ते दादाला म्हणाले.

"उजवीकडून! जोरात! अजून!" चक्कीच्या तोंडाशी मी मागून ओरडले.

पाणी थोबाडीत मारल्यासारखं आदळलं. राफ्ट नाक वर करून उभीच राहिली. डावीकडे ते झाड फांद्या वर काढून हातभर अंतरावरून मागे गेलं. दादा बघतच राहिला.

"वल्हं मार!" मी खेकसले. त्यानं गुमान मारलं.

खाली संथ पाण्यात पाहुणे किंचाळत हसत होते. काका मागे वळले. "झकास गं पोरी! अजून रागावलीयस?"

"हो. दादावर नाही, तुमच्यावर. शब्द फिरवलात. आता चूक कुणाची ते सगळ्यांसमोर सांगा."

काकांनी हेल्मेट काढलं, घसा खाकरला आणि पाहुण्यांकडे तोंड केलं.