चौऱ्याण्णव किलोंचा नवरा

विमान चालवायचं लायसन्स मिळालं चष्मेवाल्या बाईंना, आणि पाय जमिनीवर राहिनात घरातल्या बाकीच्यांचे. बाईंचं चौकात चष्म्याचं दुकान. वय पन्नाशीला टेकलेलं. अर्ध्या गावाच्या नाकावरची फ्रेम त्यांनी बसवलेली. दोन वर्षं दर रविवारी गावाबाहेरच्या धावपट्टीवर जाऊन त्या विमान शिकत होत्या, तेव्हा घरात कुणी ढुंकून विचारलं नाही. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, जाते कुठेतरी रविवारची, शिकते म्हणे काहीबाही. धाकटे दीर म्हणायचे, वहिनींना एकेक हौस. नवरा म्हणायचा, "जपून." तेवढंच, आणि तेही पेपरातून मान वर न काढता.

लायसन्स आलं मात्र, सगळं पालटलं. नवरा विमा कंपनीत शाखाधिकारी. ऑफिसात त्यांना साहेब म्हणत, आणि ऐकून ऐकून घरातही तेच नाव पडलेलं. साहेबांनी ऑफिसात, जिन्यात, केस कापायच्या दुकानात, जिथे म्हणून दोन माणसं भेटली तिथे बातमी पोचवली. "आमच्याकडे पायलट आहे हो आता." बोलण्याचा थाट असा, की जणू ह्यांनीच ढगात उभं राहून बायकोला हाताने वळणं दाखवली होती. विमानातलं एक बटण ओळखता येईल तर शपथ.

आता ह्या साहेबांची एक खोड सांगायला हवी. अर्ध्या गावाला त्यांनी "निर्धास्त राहा" म्हणून पॉलिसी विकलेली. पण बायको गाडी चालवायला बसली, की शेजारी बसलेल्या साहेबांचा उजवा पाय आपसूक पुढे जायचा आणि तिथे नसलेला ब्रेक दाबायचा. समोर ट्रक असो नाहीतर मांजर, पाय दाबलेला. वीस वर्षांत गाडीतलं कार्पेट त्या जागी झिजून पांढरं पडलं होतं. तोंडाने चकार शब्द नाही, सगळं बोलायचं ते पायाने. बाईंना त्याचा राग यायचा, वाईटही वाटायचं, आणि दोन्ही गोष्टी त्या गिळून टाकायच्या.

म्हणून खरं विचाराल तर पहिल्या उड्डाणाला कुठे जायचं, ह्याचं बाईंना काडीचंही सोयरसुतक नव्हतं. त्यांना एकच हवं होतं. नवऱ्याने शेजारच्या सीटवर बसावं, पाय जवळ घ्यावेत, आणि उतरेपर्यंत एकदाही काही दाबू नये. त्यासाठी विमान कुठल्या का गावाला जाईना.

पण घरच्यांना गाव ठरवायचं होतं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसली गत. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला आणि चार सीटांच्या विमानासाठी तीन नेत्यांची बैठक बसली. बाईंना बोलावलं होतं, ते चहा करायला.

साहेबांना मुख्य कचेरीच्या शहरात उतरायचं होतं. दोनदा ज्यांनी बढती अडवली, ते वरिष्ठ तिथे होते. दीर जमिनीचे व्यवहार करायचे. एक प्लॉट बरीच वर्षं त्यांच्या गळ्यात पडलेला, तो वरून कसा दिसतो त्याचा फोटो गिऱ्हाइकाला दाखवायचा होता. आणि सासूबाईंना जायचं होतं थोरल्या बहिणीच्या गावाला. बहिणीशी बोलणं नव्हतं. आईचं शिवणयंत्र कुणी न्यायचं ह्यावरून बंद पडलेलं ते आजतागायत बंदच. न बोलता नुसतं आभाळातून उतरून दाखवायचं, एवढीच त्यांची माफक इच्छा.

बाईंनी चहाचे कप ठेवता ठेवता सांगितलं, की विमान उतरायला धावपट्टी लागते. ह्यावर दीर म्हणाले, एवढा चांगला चौपदरी रस्ता झालाय प्लॉटपर्यंत, त्यावर नाही का उतरत? सासूबाई म्हणाल्या, ताईच्या इमारतीपुढे मैदान काय थोडं थोडकं आहे? साहेबांनी दोघांना गप्प केलं आणि आपल्या शहरात विमानतळ असल्याचं बजावलं. तिथे मोठमोठ्या विमानांच्या रांगेत आपलं चिलट घुसवायला कुणी सहजासहजी परवानगी देत नाही, हे बाईंनी सांगितल्यावर त्यांचा चेहरा असा झाला, की जणू बढती तिसऱ्यांदा अडवली.

शेवटी सासूबाईंच्या त्या बहिणीचं, म्हणजे साहेबांच्या मावशींचं गाव ठरलं. तिथे जुनी धावपट्टी होती, बाई शिकताना दोन-चारदा तिथे उतरल्या होत्या, आणि पहिल्यांदा माणसं घेऊन जाशील तेव्हा ओळखीच्या जागी जा, असं त्यांच्या शिकवणाऱ्यांनीही बजावलेलं. दिरांचा प्लॉट वाटेत होता. साहेबांच्या कंपनीची एक शाखा त्या गावात होती, तिथला स्टाफ टाळ्या वाजवायला आणि मावशींना धावपट्टीवर घेऊन यायला बोलावता येणार होता. सगळ्यांना वाटलं आपलंच खरं झालं. घरात इतकी एकी बाईंनी लग्नापासून पाहिली नव्हती.

मग त्यांनी प्रत्येकाचं वजन विचारलं. विमान लहान, माणसं किती जड, त्यावर पेट्रोल किती भरायचं आणि किती लांब जायचं ते ठरतं. सासूबाई म्हणाल्या पन्नास. दीर म्हणाले सत्तर, आणि शर्ट खाली ओढला. साहेब म्हणाले बहात्तर. गेल्याच महिन्यात त्यांची पँट बाईंनी कमरेत वाढवून आणली होती. नवरा ब्याऐंशी किलोंचा आहे, हे त्यांना काट्यावाचून कळत होतं. पण चारचौघांत त्यांनी ब्याऐंशी म्हटलं नाही. हिशोबात मात्र मनातल्या मनात ब्याऐंशीच धरलं.

उड्डाणाच्या आदल्या रविवारी त्या तिघांना विमान दाखवायला घेऊन गेल्या, आणि तिथेच माशी शिंकली. सासूबाईंनी विमानाभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, बाकीचं कुठाय? दिरांनी दार ओढून पाहिलं तर ते कपाटाच्या दारासारखं खट्ट करून लागलं. साहेब मात्र ऐटीत शेजारच्या सीटवर चढून बसले, फोटोसाठी हनुवटी वर केली, आणि पाय लांब करताच बुटाला काहीतरी लागलं. पेडल होते. खरे.

"हे इथे कशाला?" साहेबांनी विचारलं.

"दोन्ही बाजूंना असतात," बाई म्हणाल्या.

"म्हणजे मी दाबला तर ब्रेक लागेल?"

"लागेल. म्हणून दाबायचा नाही. पाय फक्त जवळ घेऊन बसायचं."

वीस वर्षं कार्पेट दाबणाऱ्या माणसाच्या पायाखाली पहिल्यांदा खरा ब्रेक आला होता, आणि साहेबांचं तोंड पांढरंफटक पडलं. ते गुमान खाली उतरले. घरी येताना गाडीत एक अक्षर बोलले नाहीत. पाय तेवढा चालू होता.

त्या दिवसापासून घरात वजनं वाढायला लागली. सोमवारी दिरांनी सांगितलं, त्यांच्या घराण्याचं हाडच जड, सत्तर म्हणजे आपला वरवरचा अंदाज होता, खरं वजन शंभराच्या घरात असावं. प्लॉटचा फोटो काय, गुगलवरसुद्धा दिसतो. मंगळवारी सासूबाईंना आठवलं की त्यांना गाडी लागते, आणि गाडी लागणाऱ्याला विमान सोडत नसणार. बुधवारी साहेब न्हाणीघरातल्या काट्यावर उभे राहिले. जगात लोक काट्यावर पोट आत ओढतात. हा गृहस्थ छाती भरून श्वास घेऊन उभा होता.

"चौऱ्याण्णव," बाहेर येऊन ते म्हणाले. "काय करायचं आता? तुझ्या विमानाला झेपायचं नाही."

बाई लेन्स पुसत होत्या. त्यांनी मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. मी भितो, एवढे दोन शब्द हा माणूस म्हणाला असता तर त्यांनी त्याला जवळ बसवून सगळं समजावून सांगितलं असतं, स्वतःला पहिल्यांदा किती घाम फुटला होता तेही सांगितलं असतं. साहेब काट्याकडे बोट दाखवत उभेच.

"बरं. चौऱ्याण्णव," बाई म्हणाल्या, आणि पुन्हा लेन्स पुसायला लागल्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. भूक नाही म्हणाल्या, आणि कुणी विचारलंही नाही.

रविवार उजाडला. साहेबांनी नवी व्यवस्था जाहीर केली. दीर गाडी चालवतील, सगळे रस्त्याने पुढे जाऊन बाईंच्या स्वागताला उभे राहतील. फोटो काढायला कुणीतरी खाली नको का? पळणाऱ्याला एक वाट असते, साहेबांना चौपदरी सापडली होती. बाई हो म्हणाल्या. एकटीनेच जायचं तर एकटीने, त्यात नवीन ते काय.

गाडी धावपट्टीच्या फाटकाशी निघायच्या बेतात होती, तेवढ्यात सासूबाईंनी विचारलं, विमान आधी पोचेल की गाडी? दीर म्हणाले, विमान, चांगलं तासभर आधी. सासूबाईंनी जरा विचार केला. म्हणजे ताई सूनबाईला उतरताना बघणार, आणि तासाभराने आपण गाडीतून ओकाऱ्या काढत पोचणार. त्यांनी दार उघडलं, पर्स काखेत मारली आणि सरळ विमानाकडे चालू लागल्या. साहेब मागून हाका मारत होते, आई, वय काय तुझं.

"वय घरी ठेवून आलेय," सासूबाई म्हणाल्या, आणि शेजारच्या सीटवर चढून बसल्या.

प्रेमाला जे जमलं नाही ते हेव्याने चुटकीसरशी केलं. बाईंना हसू आलं आणि रडूही. सासूबाईंचे पाय पेडलपर्यंत पोचतच नव्हते, अधांतरी लोंबत होते. वाटेत त्या दोनदाच बोलल्या. एकदा म्हणाल्या, खाली सगळं किती नीट दिसतं, वर्तमानपत्रात उगाच रडतात. आणि दिरांचा प्लॉट आला तेव्हा म्हणाल्या, ह्यात पाणी साठलंय, सांगू नकोस त्याला.

मावशींच्या गावी बाई अलगद उतरल्या. आतापर्यंतचं त्यांचं सगळ्यात छान उतरणं. विम्याच्या शाखेतली दहा-बारा माणसं रविवार खराब झाल्याच्या चेहऱ्याने टाळ्या वाजवत होती. त्यांच्यापुढे मावशी, काठी टेकून. सासूबाई उतरल्या आणि नाक वर करून उभ्या राहिल्या. किती वर्षांनी मावशीच आधी बोलल्या, घाबरली नाहीस गं? सासूबाई म्हणाल्या, छे. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, थोडी. आणि मग दोघी एकदम बोलायला लागल्या त्या थांबेचनात. शिवणयंत्राचा विषय दहा मिनिटांत निघाला आणि भांडण होतं तिथून सुरू झालं. भांडताना हात मात्र हातात होता.

मावशींना गावावरून एक चक्कर हवी होती. बाईंनी दोघींना मागच्या सीटांवर बसवलं, पट्टे आवळले, आणि नेमकी तेव्हा गाडी येऊन थांबली. साहेब उतरले. स्टाफ पाहून त्यांची चाल बदलली. आल्या आल्या त्यांनी शाखेतल्या लोकांना सांगायला सुरुवात केली, वारा कसा होता, आम्ही कसे उतरलो. आम्ही! लोक माना डोलवत होते. मग कुणीतरी विचारलं, साहेब, तुम्ही नाही बसत? पुढची सीट रिकामी दिसतेय.

साहेबांनी सीटकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, दिरांच्या हातातल्या मोबाइलच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. "बसतो की," ते म्हणाले, आणि चढायला पाय उचलला.

बाई दाराशी उभ्या होत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, "सकाळी का नाही बसलात? खरं सांगा."

अजूनही वेळ गेली नव्हती. तेच दोन शब्द, तेही कानात म्हटले असते तरी चाललं असतं. बाईंचा हात दारावर होता, आणि दार उघडंच होतं.

साहेबांनी मागे स्टाफकडे नजर टाकली. "अगं, तो काटा बिघडलाय घरातला," ते म्हणाले. "मी ब्याऐंशीच आहे."

चौऱ्याण्णवच काय, शंभर असते तरी विमानाने तक्रार केली नसती. पण ते एकट्या बाईंना माहीत होतं.

"मी चौऱ्याण्णवच धरलेत," बाई म्हणाल्या, आता सगळ्यांना ऐकू जाईल अशा. "तुम्हीच सांगितलंत. नाही झेपायचं."

त्या वळसा घालून आपल्या सीटवर जाऊन बसल्या, आणि रिकाम्या सीटवरून हात लांब करून त्यांनी ते दार आतून ओढून घेतलं. मागे दोघी बहिणी, यंत्राला सुई कुणी आणली होती, ह्यावर आल्या होत्या. इंजिन सुरू झालं. विमान पुढे सरकलं तेव्हा बाईंनी एकदाच काचेतून बाहेर पाहिलं. साहेब स्टाफच्या पुढे उभे होते, चेहऱ्यावर हसू, हात निरोपाला वर. आणि उजवा पाय पुढे टाकून, सगळा जोर लावून, ते जमीन दाबत होते.