शिळा केलेला पाव

पाव म्हणजे माझा जीव. आमच्या गोडदेवच्या बेकरीची भट्टी पेटली की असा वास सुटायचा, की आमच्या बिल्डिंगची लिफ्ट आपोआप खाली जायची. खोटं सांगत नाही, थोडं वाढवून सांगतेय.

संध्याकाळी उरलेल्या पावाच्या लाद्या बेकरीवाला चाचा मला द्यायचा. "अम्मा, सुबह तक कडक हो जाएगा, ले जाओ." मी त्या मागच्या अर्धवट टॉवरमध्ये न्यायचे. मंदी आली तसा बिल्डर गायब झाला होता. राखणीला ठेवलेला महिपत काम शोधायला काशीमीऱ्याला म्हणून गेला तो आलाच नाही. त्याची बायको उर्मिला आणि पोरगी पिंकी तिथंच राहिल्या, बिनदाराच्या खोलीत. उर्मिला धुणीभांडी मागत फिरायची, पण ओळख नसलेल्या बाईला कोण घरात घेतंय?

पहिल्या दिवशी तिनं पाव परत केले. "आजी, आम्ही मागून खात नाही."

"अगं, तुला कुठं देतेय? माझ्या सासूबाईंना देतेय."

मग मी सांगितलं. सासूबाईंच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. गोडदेवपासून खाडीपर्यंत कावळेच कावळे, सगळे मान फिरवून बसलेले. भटजींना ऊन लागलं. शेवटी मला आठवलं, ही बाई बेकरीत वाया जाणारा पाव बघून रडायची. मी हात जोडले, म्हटलं, उरलेला पाव उपाशी लेकराच्या तोंडी घालीन. तर कावळ्यांनी पिंड तर नेलाच, वर भटजींचं उपरणं पण नेलं.

उर्मिला हसली नाही. "मेलेल्या माणसाचा जीव कशाला अडकवायचा," म्हणाली आणि पाव घेतले.

सासूबाई जन्मात पावाला शिवल्या नव्हत्या. पण पिंकी तो कोऱ्या चहात बुडवून खायची, आणि मी माझ्या थापेवर खूश.

मग शेजारच्या नव्या टॉवरवाल्यांनी धुराची तक्रार केली. भट्टी बंद पडली, चाचा गावी गेला.

मी पोळी-भाजी घेऊन गेले. उर्मिलानं डब्याचं झाकण लावलं. "हे सासूबाईंचं नाही. हे आमच्यासाठी केलंय तुम्ही."

"स्वप्नात आल्या होत्या गं. पोळी चालेल म्हणाल्या."

"एका मेलेल्या बाईला किती इच्छा, आजी?"

मग रिक्षानं मीरा रोडला गेले, पाव आणले, खिडकीत उघडे ठेवून वाळवले. तिनं एक पाव दोन बोटांनी दाबून पाहिला. "हा उरलेला नाही. तुम्ही शिळा केलाय."

"शिळा तो शिळाच ना, बाई."

"उरलेला टाकूनच देणार असतात. तो घ्यायला लाज नाही वाटत. हा विकतचा आहे."

पिंकीचे गाल आत गेले होते. पाव बघून ती आवंढा गिळत होती. माझ्याच्यानं राहवेना. म्हटलं, "अगं, सगळी थाप होती ती. कावळे नाहीत, इच्छा नाही, काही नाही. घाल पोरीच्या तोंडात."

उर्मिलानं हातातला पाव खाली ठेवला. "म्हणजे इतके दिवस मी भीकच घेत होते."

आवाज चढवला नाही तिनं. पाव पिशवीत भरले, पिशवीला गाठ मारली आणि माझ्या हातात दिली.

मी गाठ सोडली. एक पाव काढून पिंकीपुढं धरला. पोरीनं आईकडे पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागं नेले.