शटलचं काम

एका शब्दापायी माणूस किती फसू शकतो, हे पाहायचं तर अचलपूरच्या धर्मपालकडे पाहावं. धर्मा हे त्याचं जुनं नाव. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर त्याने स्वतःच ते धर्मपाल केलं आणि पुढे कोणी अर्धीच हाक मारली तर तो ओ देत नसे. असा पक्क्या डोक्याचा माणूस, पण 'शटल' या शब्दाने त्याला साफ गुंडाळलं.

झालं असं, की एकसष्ट सालच्या दिवाळीत त्याचा मेहुणा मोतीराम गावी आला. मोतीराम अमरावतीला कॅम्पातल्या साहेब लोकांच्या क्लबात बागेला पाणी घालायचा. तो म्हणाला, "भाऊजी, आमच्या क्लबात मानूस पायजे. शटलचं काम आहे. अन् ताती सरळ करता आल्या पायजे, आडव्याबी अन् उभ्याबी."

आता विणकराला याहून काय सांगायचं असतं! शटल म्हणजे ताण्यातून आरपार धावत आडवा धागा ओढणारा धोटा, आणि ताती म्हणजे धागेच. धर्मपालचा आजा विणकर, बाप विणकर, आणि तो स्वतः पस्तीस वर्षं खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेला. गिरणीचं कापड स्वस्त झाल्यापासून माग महिन्यातले वीस दिवस मुकाच असायचा. धर्मपालने पुढे चौकशी म्हणून केली नाही. माग मोडून विकला, "अमरावतीले हातमागाचा कारखाना निघाला" असं बायकोला, पार्बताबाईला, ठासून सांगितलं आणि पिशवीत आपला धोटा घालून एसटीत बसला.

"कारखान्यात धोटा नसन काय?" पार्बताबाईने विचारलं.

"असन. पन आपला तो आपला."

क्लबात पोचल्यावर सेक्रेटरी खुशालराव वकिलांनी त्याला एका उंच हॉलमध्ये नेलं. खुशालराव पोटाने मोठे, जिभेने तिखट, मनाने बरे. हॉलमध्ये मधोमध एक जाळी बांधलेली आणि खाली पांढऱ्या रेघा. धर्मपालने चारही कोपरे न्याहाळले.

"माग कुठं आहे, साहेब?"

"कशाच्या मागं?"

"माग. कापड इणाचा."

खुशालरावांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. आलं तेव्हा ते भिंतीला टेकून हसले. मग त्यांनी पिसांचं एक फूल त्याच्या तळहातावर ठेवलं. "हे शटल."

धर्मपालने ते उलटंपालटं केलं. "हे? हे तं कोंबडीचं पिल्लू आहे."

तो परतायलाच निघाला होता, पण परतायचं कुठे? घरी माग उरला नव्हता. दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जावं लागलं असतं. मजुरीची त्याला लाज नव्हती. पण विणकराच्या पोटी जन्मून विणकर म्हणून मरता येऊ नये, हे त्याला सोसत नव्हतं. खुशालरावांनी त्याचं तोंड पाहिलं आणि हसणं आवरलं.

"हे पाय, रविवारी अकोल्याची टीम येऊन रायली. तवरीक या बारा रॅकेटा नीट करून दे. जमलं तं राय, नाई तं गावाले जाय."

रॅकेट हातात येताच धर्मपालला हायसं वाटलं. उभा ताणा, आडवा बाणा. हा तर चिमुकला मागच! खेळून खेळून ताती इकडेतिकडे सरकल्या होत्या, कुठे दाट, कुठे विरळ. आधीचा माणूस एक टोकदार टोचा ठेवून गेला होता, पण तो तातीला ओरखडे पाडायचा. धर्मपालने तो बाजूला सारला आणि बोटांनी, धोट्याच्या कडेने, एकेक आडवी तात मुठीकडे ठोकून ठोकून बसवली. दुपारपर्यंत रॅकेटचा खालचा अर्धा भाग मांजरपाटासारखा दाट झाला. वरच्या अर्ध्यात नुसत्या उभ्या ताती. आपल्या कामावर तो बेहद्द खूश झाला.

खुशालरावांनी शटल उडवलं आणि रॅकेट फिरवली. शटल वरच्या मोकळ्या भागातून आरपार.

"अरे, हे काय केलं? शटल पार होऊन रायलं याच्यातून!"

"पार झालंच पायजे ना, साहेब," धर्मपाल समजावणीच्या सुरात म्हणाला. "शटल पार नाई झालं तं इणाव कसं?"

दाराशी उभ्या मोतीरामने कपाळाला हात लावला. खुशालराव मात्र या वेळी हसले नाहीत. खुर्चीवर बसून त्यांनी या अडाण्याला सगळा खेळ सांगितला. इथे शटल पार जाऊ द्यायचं नसतं, परतवायचं असतं. म्हणून तातींमधलं प्रत्येक घर सारखं हवं.

धर्मपालने रॅकेट पुन्हा हातात घेतली. आयुष्यभर शिकलेलं उलटं करायचं म्हणजे सोपं नव्हे. मग त्याने विचारलं, "सारखं म्हंजे फणीसारखं?"

मागाच्या फणीत ताण्याचा प्रत्येक धागा आपापल्या फटीत असतो, कोणी कोणाच्या अंगावर जात नाही. तीच फणी, फक्त रुंद दातांची. त्याने मोतीरामकडून बांबू मागून घेतला, चिरला, रॅकेटच्या एका घराएवढे जाड दात तासले, तातीला ओरखडा पडू नये म्हणून गोडं तेल चोळलं. फणी ताण्यात वरून दाबली की सगळ्या उभ्या ताती एकदम जागेवर. मग तीच बाण्यात. शनिवारच्या चहापर्यंत बाराही रॅकेटा ओळीने भिंतीला लागल्या. उजेडासमोर धरून त्याने त्या स्वतःच दहादा पाहिल्या.

रविवारी सामना रंगला. अमरावती जिंकली की अकोला, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याचे डोळे तातींवर होते. खेळ संपल्यावर अकोल्याचे कप्तान, नत्थुजी ओव्हरसियर, कौतुकाने फणी मागून घेऊन बसले. त्यांनी एक विस्कटलेली रॅकेट घेतली, फणी दाबली, दोन मिनिटांत ताती सरळ.

"वा! खुशालराव, हे तं कोनीबी करन. याच्यासाठी मानूस काहाले ठेवता?"

हुशारीच्या भरात धर्मपालने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. टोच्यानेच रखडत बसला असता तर निदान काम तरी राहिलं असतं. खुशालरावही विचारात पडलेले दिसले.

नत्थुजींनी मग अकोल्याहून आणलेली आपली रॅकेट पुढे ओढली आणि फणी दाबली. दात तातींवर चढले, काही केल्या आत जाईनात.

"आरे, हिले कावून नाई बसत?"

धर्मपालने रॅकेट हाती घेतली, अंगठ्याने घरं मोजली. "ही बारीक पोताची आहे, साहेब, घरं लहान. हिचे दात येगळे तासा लागन. हरेक पोताले त्याची फणी असते."

"तासशील?"

"सांजेपर्यंत देतो."

"एक नको, चार दे. अकोल्याच्या क्लबाले पायजेत."

"थांबा, थांबा," खुशालराव पोट सावरत उठले. "मानूस आमचा आहे. फण्या पायजे असन तं आमाले चिठ्ठी पाठवा." आणि धर्मपालकडे न पाहताच म्हणाले, "उद्यापासून सकायी सात वाजता येत जाय."

नत्थुजींनी विचारलं, "बॅडमिंटनचं काम शिकले कुठं तुमी?"

"कुठंच नाई, साहेब. मी इणकर..." तो अडखळला. अचलपूरच्या घरातला मागाचा रिकामा खड्डा त्याच्या डोळ्यांसमोर आला. "इणकर होतो."

खुशालराव दाराकडे निघाले होते, ते तिथेच थांबले.

"होतो काहाले म्हनतं बे?" ते खेकसले. "आहो म्हन."

धर्मपालने उपरण्याने डोळे पुसले.

"आहो," तो म्हणाला, आणि नत्थुजींची रॅकेट मांडीवर घेऊन पुन्हा पहिल्यापासून घरं मोजू लागला.