मिलची गाठ

कात्री दुसऱ्यांदा घसरली तेव्हा डॉक्टर अमिताबाईंनी मान वर करून विचारलं, "ही गाठ कोणी बांधली?"

लक्ष्मीकांत ताठ झाला. मिल बंद पडल्यापासून त्याच्या कामाची चौकशी कोणी केली नव्हती. "मीच जी. वीव्हिंग खात्यातली आहे. खेचाल तेवढी आवळते."

डॉक्टरबाईंनी ब्लेड मागवलं. स्ट्रेचरवर लक्ष्मीकांतची बायको शालिनी डोळे मिटून पडली होती. तिच्या उजव्या कोपराखाली दोरा मांसात इतका रुतला होता, की तो शोधावा लागत होता. त्यापुढचा हात पिकल्या जांभळासारखा झाला होता, आणि बोटं त्याहून काळी.

"सगळं जहर तिथंच अडवून धरलंय," लक्ष्मीकांत म्हणाला. "वर एक थेंब जाऊ दिला नाही."

घडलं होतं ते असं. देशाने म्हणे त्या सुमारास सगळे दरवाजे उघडले होते; परदेशीपुऱ्याजवळच्या या मिलचं फाटक तेवढं बंद झालं होतं. साचे, म्हणजे कापड विणायचे माग, थांबले, कामगार घरी बसले, आवारात कमरेएवढं गवत माजलं. माणसं गेली तसे उंदीर आले, उंदरांमागून साप आले. एकूण मिलमध्ये भरती चालूच होती. आदल्या सकाळी शालिनी पडक्या भिंतीतून आत सरपण वेचायला गेली, फळ्यांच्या ढिगात हात घातला, आणि साप चावला.

साप चावला की सापांच्या देवाच्या, तेजाजीच्या नावाने दोरा बांधायचा, हा मालव्याचा रिवाज. दोरा सैलसर बांधतात, आणि तेजादशमीला देवाच्या ठाण्यावरच सोडतात. मध्ये हात लावायचा नाही. पण सैल बांधणं लक्ष्मीकांतच्या बोटांना ठाऊकच नव्हतं. साच्यावर तुटलेले धागे जोडण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. त्याची गाठ डोळ्याला दिसायची नाही, आणि कापड फाटलं तरी सुटायची नाही. त्याने खळ दिलेलं सूत काढलं, दुहेरी पीळ भरला, आणि देवाचा दोरा मिलच्या पद्धतीने आवळला. मग सापाला काठीने मारून डालड्याच्या डब्यात भरलं आणि बायकोला ठाण्यावर नेलं. असा बंध आपण जन्मात पाहिला नाही, असं तिथल्या पुजाऱ्यानेही कबूल केलं.

शालिनीला ना फेस आला, ना चक्कर; म्हणजे गाठ चालली. हात सुजून निळा पडला. म्हणजे जहर अडलं. हात जसजसा काळवंडला, तसतसा लक्ष्मीकांतचा भाव वधारला. जुने सोबती येऊन बघून गेले.

"जळतोय हो हात," शालिनी म्हणत होती. "थोडी ढील द्या."

ढील दिली तर जहर काळजात जाईल, असं तो तिला समजावत राहिला. सकाळी हात जळायचा थांबला, तेव्हा आराम पडला म्हणून तो खूशही झाला. शेजारच्या धम्मदीनाबाईंनी मात्र बोटं चाचपून पाहिली, ती थंडगार लागली, आणि त्यांनी कोणाला न विचारता ऑटो बोलावली.

"साप कसा होता?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

लक्ष्मीकांतने डबा पुढे केला. बाईंनी चिमट्याने साप उचलला, डोकं पाहिलं, शेपटीपर्यंत उलगडला. मग त्या बराच वेळ सापाकडेच पाहत राहिल्या. माणसाकडे पाहायचं त्यांच्या जिवावर आलं असावं.

"काका, ही धामण आहे. इसमें जहर होता ही नहीं."

लक्ष्मीकांत हसला. बाईंना नीट दिसलं नसावं. "मग हात काळा कसा पडला?"

"हाताला रक्तच पोचलं नाही. तुम्ही बांधलंत ना."

बाई पुढे बरंच काही सांगत होत्या. साप जहरी असता तरी बांधायचं नाही, कापायचं नाही. अंग हलू न देता थेट इथे आणायचं, जहर उतरवायचं औषध नसेतून देतात. आणि ही तर जखम धुऊन, धनुर्वाताची सुई घेऊन चालत घरी गेली असती. लक्ष्मीकांतला फक्त बाईंचे ओठ हलताना दिसत होते. चालत घरी, एवढं मात्र ऐकू आलं.

स्ट्रेचरवर शालिनीने डोळे उघडले होते.

हात कोपरापासून काढावा लागला. घरी आल्यावर शालिनीने बायकांना सांगितलं, "जहर हातात उतरलं होतं. हात गेला, जीव राहिला." नवऱ्याला ती काहीच म्हणाली नाही. म्हणाली असती तर त्याला झोप तरी लागली असती.

तिने झाकलं आणि गल्लीने त्याचं देऊळ बांधलं. लोक लक्ष्मीकांतला उस्ताद म्हणू लागले. त्याने त्यानंतर एकही गाठ मारली नाही. पायजम्यालासुद्धा इलॅस्टिक घालून घेतलं. उस्ताद विद्या जपून वापरतात, असं लोकांनी ठरवलं.

पुढच्या श्रावणात एका दुपारी भाजीवाला शाम आपल्या बायकोला, बेबीला, हातगाडीवर घालून धावत दाराशी आला. मागे अर्धी गल्ली. तिला साप चावला होता; पाय घोट्यापासून टरारून सुजला होता, हिरड्यांतून रक्त येत होतं.

"भिया, बांधो," शाम म्हणाला. "भाभीला वाचवलं तसं."

कोणीतरी लक्ष्मीकांतच्या हातात सूतही ठेवलं.

"सरकारी दवाखान्यात ने," तो कसाबसा म्हणाला.

"वहाँ तो काट देते हैं, भिया. तुमच्याच घरी बघितलं ना."

यावर एकच उत्तर होतं. लक्ष्मीकांतने सूत एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. बेबी कण्हत होती. गल्ली त्याच्या बोटांकडे बघत होती.

शालिनी कणकेचा हात तसाच घेऊन बाहेर आली. त्याच हाताने तिने उजव्या खांद्यावरचा पदर बाजूला केला. एरवी ती तो घरातही काढत नसे.

"ये देखो, शामभिया. जहर नव्हतंच. धामण होती. माझा हात दोऱ्याने गेला, आणि दोरा यांनी बांधला."

शामने लक्ष्मीकांतकडे पाहिलं.

"खरं आहे," लक्ष्मीकांत म्हणाला.

"आता उभे काय राहिलात?" शालिनी म्हणाली. "घेऊन जा तिला. पाय हलू देऊ नका."

गाडी वळली. धम्मदीनाबाई पुढे ऑटो थांबवायला धावल्या. बेबी वाचली, पायासकट. पण ते कळायला अवकाश होता. त्या दुपारी गल्ली नुसती रिकामी झाली, आणि जाताना उस्तादांचा निरोप कोणी घेतला नाही.

लक्ष्मीकांत आत आला. शालिनी जमिनीवर बसून एका हाताने कणीक मळत होती. प्रत्येक रेट्याला परात पुढे सरकत होती आणि ती गुडघ्याने मागे ओढत होती. तो समोर बसला. दोन्ही हातांनी त्याने परातीच्या कडा धरल्या.

तिने वर पाहिलं नाही. ती मळत राहिली.